रेष ओलांडल्यावर वेग उतरवायचा कसा?

प्रश्न पुण्याहून आला आहे. मागच्या चाकांवर चालणारी सेडान, चालकासकट वजन साधारण १५०० किलो, मोठा टर्बो आणि ट्यूनिंग झालेलं. सध्या पाव मैलात ताशी २०० किलोमीटरपर्यंत जाते. नवे इंजेक्टर आणि इंधनपंप बसवून २४० गाठायचे आहेत आणि पुढच्या मोसमात गाडी धावपट्टीवरच्या ड्रॅग इव्हेंटला, म्हणजे उभ्या गाडीपासून सुटून सरळ रेषेत पळायच्या शर्यतीला, न्यायची आहे. विचारलंय ते असं: फिनिश लाइन ओलांडली की ब्रेक लगेच दाबायचा की जरा थांबून? गाडी न्यूट्रलला टाकावी का? पॅराशूट लावावं का, की ते फक्त अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांसाठी असतं?

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, न्यू जर्सीत राहतो आणि बरीच वर्षं इथल्या स्पोर्ट्समन, म्हणजे हौशी, वर्गातल्या गाड्यांच्या क्रूवर काम करतो. ब्रेक तपासणं आणि पॅराशूट भरणं हे माझ्याकडे असतं. उत्तर लांब होईल, कारण तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा येतो आणि तो विचारलेला नाही: रेषेच्या पुढे रस्ता किती आहे?

इव्हेंटची जागा ठरली की सर्वात आधी तो रस्ता मोजा. शक्य असेल तर चालत जा. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. धावपट्टी १२०० मीटर लांब आहे असं धरू. स्टार्ट लाइनच्या मागे टायर तापवायला आणि रांगेला शंभरेक मीटर जातात. ४०२ मीटर शर्यतीचे. उरले ७०० मीटर. ऐकायला भरपूर वाटतं. आता गाडीचं गणित करा. ताशी २४० म्हणजे सेकंदाला जवळपास ६७ मीटर. रेष दिसली, पाय उचलला, ब्रेकवर आणला, ब्रेक पकडायला लागला, यात दीड सेकंद गेला तर १०० मीटर संपले. स्वच्छ रस्त्यावर चांगले टायर बरीच जास्त पकड देतात, पण धावपट्टीच्या त्या टोकाला धूळ असते, बारीक खडी असते, रबर बसलेलं नसतं. तिथे मी अर्ध्या जीच्या (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर) वर हिशेब धरत नाही. अर्ध्या जीने २४० वरून थांबायला ४५० मीटर लागतात. एकूण ५५०. हातात उरले १५० मीटर, आणि तेही सगळं ठीक चाललं तर.

आता ब्रेक तापून त्यांची ताकद निम्मी झाली असं धरा. थांबायला ९०० मीटर हवेत, रस्ता ७०० आहे. म्हणजे या धावपट्टीवर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर २४० हा या गाडीचा वेग नाही, इंजिन काहीही म्हणो. क्रूवर आम्ही पाळतो तो नियम असा: एक साधन पूर्ण निकामी झालं तरी उरलेल्या साधनांवर गाडी डांबरावरच थांबली पाहिजे. तेवढ्याच वेगाने पळायचं. ज्याला हे मान्य नाही त्याच्या गाडीला मी हात लावत नाही.

वेग २०० वरून २४० झाला म्हणजे वीस टक्के वाढला, पण गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १५०० किलोच्या गाडीत २०० ला साधारण २३ लाख ज्यूल असतात, २४० ला ३३ लाख. ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ब्रेक ती उष्णतेत बदलून डिस्कमध्ये भरतो, पॅराशूट ती हवेत सोडून देतं. वेग उतरवण्याचे बाकीचे सगळे प्रश्न या वाटणीचे आहेत.

हे फक्त हौशी गाड्यांना लागू आहे असं समजू नका. अमेरिकेतली सर्वोच्च संस्था, नॅशनल हॉट रॉड असोसिएशन म्हणजे एनएचआरए, हिच्या टॉप फ्युएल आणि फनी कार या नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या वर्गांची शर्यतही पूर्वी पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची असायची. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर पात्रता फेरीत स्कॉट कॅलिटा यांच्या फनी कारचं इंजिन शेवटच्या टप्प्यात फुटलं. टॉप फ्युएलचं राष्ट्रीय विजेतेपद दोनदा जिंकलेला हा चालक. पॅराशूटनी काम केलं नाही, गाडीचा वेग पुरेसा उतरलाच नाही, ती ट्रॅकच्या टोकाची वाळू पार करून पुढे धडकली आणि कॅलिटा गेले. पुढच्याच महिन्यात एनएचआरएने या दोन्ही वर्गांची शर्यत १००० फुटांवर आणली. म्हणजे वेग उतरवायला ३२० फूट, जवळपास ९८ मीटर, जादा मिळाले. हा बदल आधी तात्पुरता म्हणून केला होता, नंतर तोच कायम राहिला. पुढे स्वयंचलित उपकरणही आलं: इंजिन फुटलं तर ते स्वतःच इंधन आणि इग्निशन तोडतं आणि पॅराशूट सोडतं, चालकाच्या हाताची वाट पाहत नाही. आज या गाड्या १००० फुटांतच ताशी ३३० मैलांच्या, म्हणजे ५३० किलोमीटरच्या पुढे जातात. त्या वेगाला एक सेकंद म्हणजे १४७ मीटर.

एडिसन, ओल्ड ब्रिज या भागात मराठी घरं पुष्कळ आहेत, पण आपल्या अर्ध्या तासावर हा ट्रॅक होता हे त्यांतल्या अनेकांना माहीत नसतं. २०१८ साली तिथल्या ड्रॅग शर्यती बंद झाल्या. मला त्या अपघातातून जे महत्त्वाचं वाटतं ते हे: सर्वात अनुभवी चालक, सर्वात महागडी गाडी आणि तरी उत्तर निघालं ते रस्ता वाढवणं आणि शर्यत आखूड करणं. तुमच्या आयोजकांकडेही हा उपाय आहे. जागा कमी असेल तर वेगवान वर्गाला २०१ मीटर पळवा, असं स्पष्ट सांगा. एक-अष्टमांश मैल ही जगभर मान्य असलेली शर्यत आहे, त्यात कमीपणा काही नाही.

आता ब्रेक. पहिला प्रश्न मला गाडीवाले विचारतात तो कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, किती पिस्टनचा घ्यावा हा. मी आधी ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारतो. डॉट ४ या प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा शोषून बसलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. पुणे-लोणावळ्याचा एक पावसाळा काढलेलं ऑइल मोसमाच्या पहिल्या इव्हेंटला तसंच वापरू नका. ते उकळलं की नळीत वाफ होते, पेडल खाली जातं आणि गाडी तशीच पळत राहते. ऑइल बदलायला खर्च किरकोळ येतो आणि या सगळ्या लेखात सुचवलेल्या उपायांत त्याचा फायदा सर्वात मोठा.

मग डिस्क. थांबताना साधारण ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. पुढच्या दोन डिस्क मिळून १६ किलोच्या असतील तर २४० वरून एका दमात थांबताना त्यांचं तापमान तीनशे अंशांच्या आसपास वाढतं. साध्या पॅडची पकड तिथेच ढिली व्हायला लागते. म्हणजे एक रन निभेल. अर्ध्या तासाने डिस्क गरम असतानाच दुसरा मारला तर तेच तीनशे अंश आधीच्या तापमानावर चढतात. आणि गाडी हलकी करायच्या नादात पुढे ड्रॅगसाठीच्या पातळ डिस्क बसवल्या असतील तर धातूच कमी, म्हणून तापमान आणखी वर जाणार. त्या डिस्क पॅराशूट असलेल्या गाडीसाठी असतात. नुसत्या ब्रेकवर थांबणाऱ्या गाडीत त्या नकोत. वजन कमी करायचं तर सीट काढा, मागचं ट्रिम काढा, पण २०० च्या पुढे जाणाऱ्या गाडीचे पुढचे ब्रेक लहान करू नका.

तुमच्या गाडीत टायर तापवण्यासाठी लाइन लॉक बसवणार असाल तर एक सूचना. हा झडपेचा सोलेनॉइड पुढच्या ब्रेकच्या नळीत बसतो आणि बटण दाबलं की पुढची चाकं धरून ठेवतो. म्हणजे थांबण्याचं ७० टक्के काम करणाऱ्या नळीत तुम्ही एक जादा सांधा आणि एक जादा झडप घातली. बसवल्यावर हवा नीट काढा, प्रत्येक इव्हेंटच्या आधी सांध्यांवर कोरडं फडकं फिरवून गळती बघा आणि बटण सोडल्यावर पुढची चाकं हाताने मोकळी फिरतात ना, हे गाडी जॅकवर घेऊन तपासा.

एबीएस बंद करू नका. सुटताना चाक फिरावं म्हणून स्थिरता नियंत्रण बंद करणं समजू शकतं, पण काही जण फ्यूजच काढतात आणि एबीएसही जातं. पुढे अरुंद आणि मागे जाड टायर असे वेगवेगळ्या व्यासाचे घातले तर एबीएसचा संगणक गोंधळू शकतो, तेही आधी कमी वेगात तपासून घ्या. टायरवरचं वेगाचं अक्षर वाचा: एच म्हणजे २१० पर्यंत, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. २४० चं ध्येय ठेवून एच टायरवर येणारी गाडी स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, परत पाठवली पाहिजे.

मागे ड्रॅग स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर, लावणार असाल तर त्यांचा स्वभाव ओळखा. त्यात हवा खूप कमी ठेवतात, बरेचदा १० ते १४ पीएसआय, आणि भिंती मऊ असतात. जोर लावताना ते छान बसतात. जोर काढला की त्याच भिंती डोलतात आणि गाडीचा मागचा भाग शेपटीसारखा हलतो. पहिल्यांदा हे जाणवलं की चालक घाबरून स्टिअरिंग फिरवतो आणि ब्रेक एकदम दाबतो. या दोन गोष्टी एकत्र झाल्या की गाडी आडवी होते. डोलणं आपोआप शमतं. स्टिअरिंग सरळ धरायचं, थोडं थांबायचं.

यावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं. ब्रेक दाबायला वेळ काढायचा नाही, पण झटकाही द्यायचा नाही. रेष ओलांडताना थ्रॉटलवरचा पाय सपकन उचलला तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि नेमकं त्याच वेळी इंजिन त्यांना मागे ओढत असतं. म्हणून पाय अर्ध्या सेकंदात सलग वर आणायचा. गाडी सरळ बसली हे पाठीला कळतं. मग ब्रेक, आधी मध्यम, लगेच वाढवत नेऊन घट्ट, आणि वेग उतरेल तसा हळूहळू सैल. सर्वात मोठा जोर वरच्या वेगात लावायचा, कारण मीटर तिथेच भराभर संपतात. बरेच चालक उलटं करतात: सुरुवातीला ब्रेकवर नुसता पाय ठेवतात, रस्ता संपत आलेला दिसला की जोरात दाबतात. तोवर डिस्क तापलेल्या असतात आणि जागा उरलेली नसते. पेडल पंपही करू नका. इंजिन बंद पडलं असेल तर बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतीच हवेची मदत शिल्लक असते, ती पंप करण्यात संपते.

न्यूट्रल नको. गिअरमध्ये राहिल्याने इंजिन वेग उतरवायला मदत करतं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. मॅन्युअल गाडीत खालचा गिअर टाकून वेग उतरवायचाही मोह टाळा: चुकून दुसरा पडला तर मागची चाकं जागीच धरतात आणि इंजिनही जातं. शेवटचा गिअर तसाच ठेवा, वेग पुरेसा उतरला की क्लच दाबा. अपवाद एकच, थ्रॉटल अडकला तर. तेव्हा क्लच आणि किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करणारं बटण, एकदम. हा स्विच बेल्ट आवळलेल्या अवस्थेत हाताला लागतो ना ते गाडीत बसून, डोळे मिटून बघा. किल्ली फिरवून इंजिन बंद करायच्या भरवशावर राहू नका, कारण साध्या गाडीत किल्ली शेवटपर्यंत फिरली आणि निघाली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

पॅराशूटबद्दल. एनएचआरएच्या नियमानुसार ताशी १५० मैल किंवा त्याहून जास्त वेगाने जाणाऱ्या गाडीला ते सक्तीचं आहे. १५० मैल म्हणजे २४१ किलोमीटर. तुमचं ध्येय बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या धावपट्ट्यांवर, जिथे टोकाला वाळूचा थर किंवा जाळी असेलच याची खात्री नसते, २२० च्या पुढे जाणाऱ्या गाडीलाही ते लावावं. इथल्या ट्रॅकवर चूक झाली तर पुढे वाळू असते. तिथे काय आहे ते तुम्ही रस्ता मोजायला गेलात की दिसेलच.

पॅराशूट गाडीला थांबवतं हा गैरसमज आहे. त्याचा ओढा वेगाच्या वर्गाने बदलतो. एखादं मध्यम आकाराचं पॅराशूट २४० ला तुमच्या गाडीला सुमारे एक जीने मागे ओढत असेल तर १२० ला तोच ओढा पाव होतो आणि ६० ला जवळपास काहीच उरत नाही. ब्रेकचं नेमकं उलट: वरच्या वेगात तो सर्वात जास्त तापतो, खालच्या वेगात निवांत असतो. म्हणून वरचा वेग पॅराशूटने उतरवायचा आणि खालचा ब्रेकने. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरला तर पुढच्या चाकांना ब्रेकच नसतात. दोन पॅराशूट आणि मागचे कार्बनचे ब्रेक, तेही हाताच्या दांडीने लावायचे.

ही कल्पना विमानांवरून आली. पुढे रेसिंगच्या सुरक्षासाहित्यात मोठं नाव झालेले बिल सिम्पसन १९५८ साली ड्रॅग रेसच्या अपघातात दोन्ही हात मोडून घेऊन बसले होते, आणि तेव्हा ते फक्त अठरा वर्षांचे होते. त्यातून त्यांनी ड्रॅग गाड्यांसाठी फुलीच्या आकाराचं पॅराशूट बनवायला घेतलं. आजही फुलीचा आकारच जास्त दिसतो, कारण तो कमी हेलकावतो.

बसवण्यात लोक सर्वात जास्त चुकतात. दीड टनाच्या गाडीला एक जीने ओढायचं म्हणजे दीड टनाचाच ओढा त्या एका जागी येणार, आणि उघडतानाचा झटका त्याहून जास्त. डिकीचा पत्रा किंवा बंपरचा कंस हे सहन करणार नाही. दोन्ही बाजूंच्या चासी रेलना जोडणारी नळीची चौकट वेल्ड करून घ्या आणि बांधणीचा पट्टा त्यावर उच्च प्रतीच्या बोल्टने लावा. वेल्डिंग करणारा माणूस रोल केज, म्हणजे चालकाभोवतीचा संरक्षक पिंजरा, करणारा असावा. उंचीही महत्त्वाची. ओढा गाडीच्या गुरुत्वमध्याच्या रेषेत असावा. तो खूप वर लागला तर गाडीचं नाक उचलू पाहतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. खूप खाली लागला तर मागची चाकं उचलू पाहतात. दोन पॅराशूट असतील तर त्यांचे पट्टे मुद्दाम कमी-जास्त लांबीचे ठेवतात, म्हणजे ती एकमेकांत अडकत नाहीत. तुम्हाला एक पुरे, आणि ते मधोमध. बाजूला लावलंत तर गाडी त्या बाजूला ओढली जाईल.

दांडीपासून पिशवीपर्यंत जाणाऱ्या केबलचं बाहेरचं आवरण दोन्ही टोकांना आणि मध्येही पक्कं बांधा. ते मोकळं असेल तर दांडी ओढल्यावर आवरणच वाकतं, तार पुढे सरकत नाही आणि पिन जागीच राहते. न उघडलेल्या पॅराशूटचं कारण शोधताना मी पहिला हात तिथेच घालतो.

भरणं हे एका माणसाचं काम असावं. आमच्याकडे ज्याने भरलं तोच गाडी सुटायच्या आधी तपासतो, दुसरा कुणी मध्ये हात घालत नाही. प्रत्येक रननंतर ते जमिनीवर पूर्ण पसरायचं. सायलेन्सरच्या झळेने पडलेली भोकं, घासलेल्या दोऱ्या, शिवण उसवलेली जागा बोटांनी चाचपायची. दोऱ्यांचा पीळ काढायचा. ओलं असेल तर वाळल्याशिवाय भरायचं नाही, आणि वाळवायचं ते सावलीत, कारण ऊन नायलॉन कुजवतं. मग कापडाची घडी, दोऱ्या नागमोडी, वर मुख्य पॅराशूट बाहेर ओढणारं स्प्रिंगचं छोटं पायलट शूट दाबून बसवायचं, पिन घालायची. पिन एका बोटाने सहज सरकली पाहिजे. पार्किंगमध्ये पॅराशूट चुकून उघडू नये म्हणून एक सुरक्षा पिन लाल फितीसकट लावतात. ती स्टार्ट लाइनवर काढायला विसरलं की पॅराशूट असून नसल्यासारखं. आमच्याकडे ती फीत काढणारा माणूस चालकाच्या समोर येऊन हातात धरून दाखवतो. चालकाने ती पाहिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. आणि मोसमाच्या सुरुवातीला एकदा, गाडी उभी असताना, चालकाने बेल्ट लावून, हातमोजे घालून दांडी ओढून बघायची.

सोडायचं कधी? रेषेवर किंवा तिच्या किंचित आधी, थ्रॉटल थोडा उघडा असतानाच. पिशवीतून बाहेर येऊन फुगायला त्याला वेळ लागतो आणि त्या वेळात तुम्ही पुढे सरकत असता. आधी पॅराशूट, मग झटका, मग गाडी सरळ आहे याची खात्री, मग ब्रेक. झटक्याच्या क्षणी ब्रेक घट्ट दाबलेला नको. बेल्ट मात्र आधीपासून घट्ट हवेत, खांद्याचे तर बोट जाणार नाही इतके. रनभर तुम्ही सीटमध्ये मागे दाबलेले असता म्हणून ढिलाई जाणवत नाही, ती कळते पॅराशूट उघडल्यावर. मान धरणारं उपकरण वापरा. नायट्रो गाड्यांत हा झटका चार जीच्या आसपासचा असतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॉन गार्लिट्ससारख्या दिग्गज ड्रॅग रेसरच्या डोळ्याचा पडदा त्यामुळे सुटला होता. तुमच्या गाडीत तो याहून बराच कमी असेल, तरी मान मानच असते.

वाऱ्याकडे लक्ष ठेवा. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीत ड्रॅगचे कार्यक्रम होत आलेत ते धावपट्टीवर, आणि धावपट्टीच्या कडेला वारा अडवायला काही नसतं. आडवा वारा पॅराशूटला बाजूला नेतो आणि ते गाडीची शेपटी त्या बाजूला खेचतं. स्टिअरिंग थोडंसंच दुरुस्त करायचं.

नाही उघडलं तर? दांडी पुन्हा एकदा ओढा, एकदाच. तोवर ब्रेक सुरू झालेला असला पाहिजे. दांडीशी झटापट करण्यात जाणारा प्रत्येक सेकंद ६० मीटर खातो. गाडी सरळ ठेवून पूर्ण रस्ता वापरा. बाहेर वळायचा फाटा दिसला म्हणून वेगात वळू नका, उलटलेल्या गाड्या बहुतेक तिथेच उलटतात. रस्ता संपणारच असेल तर समोर सरळ जा, चाकं सरळ ठेवून. वाळूत किंवा गवतात आडवी शिरलेली गाडी कोलांट्या खाते, सरळ शिरलेली रुतते.

शेजारच्या लेनमधल्या गाडीचं भान हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. तुम्ही जिंकलात तर दुसरी गाडी तुमच्या मागे, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, कदाचित तुमच्यापेक्षा कमी ब्रेक घेऊन येते आहे. ती कुठे आहे हे दिसेपर्यंत आपली लेन सोडायची नाही. बाहेर पडायच्या फाट्याला लागून ज्याची लेन, त्याने आधी वळायचं, दुसऱ्याने थांबायचं. ही गोष्ट चालकांच्या बैठकीत विचारून घ्या, कारण प्रत्येक जागी फाटा वेगळ्या बाजूला असतो. इंजिनमधून धूर किंवा तेल येत असेल तर कडेला घेऊन तिथेच थांबा. परतीच्या रस्त्याने तेल सांडत आलात तर पुढच्या माणसाचे ब्रेक तुम्ही निकामी केलेत. वेग उतरल्यावर जमिनीला टेकलेलं पॅराशूट वळताना मागच्या चाकात जातं, म्हणून मोठ्या वळणाने वळा आणि क्रू ते उचलेपर्यंत गाडी मागे घेऊ नका. डिस्क लाल-तापल्या असताना हँडब्रेकही ओढू नका. गाडी हळू चालत राहू द्या, हवा लागू द्या.

पहिल्या दिवसाचा क्रम सांगतो. पहिला रन २०१ मीटरपर्यंतच, तिथे पाय उचला आणि वर सांगितल्याप्रमाणे थांबा. गाडी जिथे ताशी ३० वर आली ती खूण मित्राला कडेला उभं करून नको, गाडीतल्या जीपीएस लॉगरवरून घ्या. ब्रेकच्या डिस्क इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा आणि आकडा वहीत लिहा. दुसरा रन ३०० मीटरपर्यंत, पॅराशूट असेल तर ते याच रनमध्ये, ताशी १६० च्या आसपास पहिल्यांदा उघडून बघा. दोन्ही खुणा तुमच्या हिशेबाशी जुळल्या, पेडल पहिल्या रनइतकंच कडक लागलं आणि डिस्क हात जवळ नेता येईल इतक्या निवल्या, तर पूर्ण पाव मैल, पण जुन्या ट्यूनवर. नवे इंजेक्टर आणि २४० हे त्या वहीतले आकडे बघून दुसऱ्या दिवशी. वहीचं पान पाठवलंत तर मी शटडाउनचा, म्हणजे रेषेपुढे थांबण्याचा, हिशेब तुमच्या धावपट्टीच्या लांबीवर करून देईन.